नोंद आधी, यंत्र नंतर : रायगडातून दिसणारा संगणकाचा इतिहास

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी प्रथा नाही. वाङ्मयेतिहासाच्या कालखंडांवर आपण वर्षानुवर्षे वाद घालतो; परंतु जी अभ्यासपत्रिका हाती घेऊन आपण वर्गात उभे राहतो, तिच्यात अमुक घटक पहिला आणि तमुक शेवटचा का, हे कोणत्या काळात आणि कोणत्या समजुतीने ठरले, असे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाबाबत तर भाषा-साहित्याचे अध्यापक अलिप्तच राहत आले आहेत. तो तंत्रज्ञांचा प्रांत, असे म्हटले की आपली जबाबदारी संपते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली आणि ही अलिप्तता परवडेनाशी झाली. खुले ऐच्छिक विषय, कौशल्यविषयक अभ्यासक्रम अशा वेगवेगळ्या खणांत दोन-दोन श्रेयांकांच्या छोट्या अभ्यासपत्रिका आल्या. दोन श्रेयांक म्हणजे साधारण तीस तास. कला शाखेच्या विद्यार्थ्याला या तीस तासांत ‘संगणक आणि माहिती-प्रणाली’ यांची ओळख करून द्यायची, तर सुरुवात कोठून करावी? पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे अध्यापक मोजके आणि विषय अनेक, तेथे हा प्रश्न मराठीच्या माणसापुढेही येतोच.

रूढ आराखडा सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घटकात संगणकाचा इतिहास : मणिफलक, पास्कल, बॅबेज, निर्वात नळ्या, ट्रान्झिस्टर, मग संगणकाच्या ‘पिढ्या’. दुसऱ्या घटकात यंत्राचे अवयव. तिसऱ्यात वर्ड आणि एक्सेल. चौथ्यात इंटरनेट, ई-मेल आणि सुरक्षिततेचे चार नियम. या आराखड्यात खोटे असे काही नाही. पण त्यातला इतिहास युरोपात सुरू होऊन अमेरिकेत संपतो, आणि विद्यार्थी जेथे बसला आहे ते गाव त्यात केवळ गिऱ्हाईक म्हणून येते. शिवाय ‘माहिती’ हा शब्द शीर्षकात असूनही प्रकरणांत कोठेच नसतो. प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे ते असे की, या अभ्यासक्रमाचा आरंभ यंत्रापासून न करता नोंदीपासून करावा. आणि तसे करण्यास रायगड जिल्ह्याचा स्वतःचा इतिहास भरपूर सामग्री पुरवतो.

१. गागोदे आणि रोहा

पेण तालुक्यातल्या गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, त्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात महाडजवळच्या नाते येथे चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. त्यांचे बालपण पेणला लागून असलेल्या रोह्यात गेले. एक पुढे विनोबा झाले, दुसरे ‘सी. डी.’ म्हणून देशाला माहीत झाले. दोघेही १९८२ मध्ये दीड महिन्याच्या अंतराने गेले : देशमुख २ ऑक्टोबरला, विनोबा १५ नोव्हेंबरला.

औपचारिक शिक्षणाशी दोघांचे नाते अगदी परस्परविरुद्ध. देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचे मानकरी, केंब्रिजला निसर्गविज्ञानाचे विद्यार्थी, १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत पुन्हा पहिले. विनोबांनी १९१६ मध्ये आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली आणि इंटरच्या परीक्षेला मुंबईस न जाता वाटेत सुरतेला उतरून काशीचा रस्ता धरला. तरी साहित्याच्या विद्यार्थ्याला दोघांत एक साम्य चटकन दिसेल : दोघांनीही संस्कृतातून मराठीत पद्यानुवाद केला. विनोबांची ‘गीताई’ घरोघर गेली. देशमुखांचा ‘मेघदूता’चा अनुवाद त्या मानाने थोड्यांनी वाचला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे साम्य निराळे आहे. दोघांचेही आयुष्य एका अर्थाने नोंदींच्या प्रश्नाभोवती फिरले. देशमुखांनी आय.सी.एस. अधिकारी म्हणून मध्य प्रांतात जमाबंदीचे काम केले. म्हणजे शेत मोजणे, त्याचा कस ठरवणे, ते कोणाच्या नावे आहे हे लिहिणे. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले (१९४३ ते १९४९), १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले, आणि १९५० ते १९५६ अर्थमंत्री होते. विनोबांनी १९५१ पासून भूदानासाठी देश पायी पालथा घातला. सुमारे चाळीस लाख एकर जमीन दान म्हणून जाहीर झाली. परंतु तिचा मोठा भाग प्रत्यक्षात भूमिहीनांपर्यंत पोचला नाही. काही जमीन नापीक होती, काही वादातली होती, आणि अनेक ठिकाणी दानपत्र एकीकडे व महसुली कागद दुसरीकडे, अशी अवस्था राहिली. शब्द दिला गेला, पण दप्तरात तो उतरला नाही. हृदयपरिवर्तनालाही अखेर फेरफार-नोंद लागते, हा धडा भूदानाच्या इतिहासात आहे, आणि माहिती-प्रणालीच्या कोणत्याही वर्गात तो पहिल्या दिवशी सांगण्यासारखा आहे.

२. यंत्र का आले

भारतात पहिला अंकीय संगणक बसला तो कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, १९५५-५६ च्या सुमारास. इंग्लंडहून आणलेल्या या यंत्राचे नाव एच.ई.सी.-२ एम. चुंबकीय दंडगोलावर स्मृती साठवणारे हे यंत्र आजच्या साध्या मोबाइलपुढे अगदीच किरकोळ वाटेल. पाठोपाठ ते दशक संपण्याच्या सुमारास सोव्हिएत बनावटीचा ‘उरल’ आला. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या काळात, म्हणजे १९४५ पासून १९६४ पर्यंत, या संस्थेचे अध्यक्षपद भूषवीत होते ते चिंतामणराव देशमुख. देशातला पहिला संगणक ज्या संस्थेत आला, तिच्या अध्यक्षस्थानी रोह्याचा माणूस होता, ही गोष्ट रोहा-पेणच्या विद्यार्थ्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचायला मिळत नाही.

केवळ स्थानिक अभिमानासाठी हे सांगायचे नाही. संगणक तेथे का आला, हे पाहण्यासारखे आहे. नव्या प्रजासत्ताकाला नियोजन करायचे होते आणि नियोजनासाठी लोक काय खातात, काय पिकवतात, किती कमावतात हे कळायला हवे होते. सगळ्यांची मोजदाद दरवर्षी करणे अशक्य. म्हणून काही गावे, काही कुटुंबे शास्त्रशुद्ध रीतीने निवडून त्यांच्यावरून सर्वांचा अंदाज बांधायचा, ही नमुना-पाहणीची पद्धत. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. गावोगाव हिंडणारे पाहणीदार, त्यांच्या हातातली प्रश्नावली, तिच्यातले रकाने, त्या रकान्यांतून जमलेले आकड्यांचे ढीग. हे ढीग उपसण्यासाठी आधी माणसे होती, मग पत्र्यांना भोके पाडून मोजणारी यंत्रे आली, मग संगणक. अर्थात, नोंद आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम आपण उपदेश म्हणून सांगत नसून इतिहासातच तो तसा आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला, तो प्रवाह वेगळा : तेथे प्रेरणा मूलभूत विज्ञानाची होती. दोन्ही प्रवाह शिकवायला हवेत. पण कला शाखेच्या विद्यार्थ्याला पहिला अधिक जवळचा आहे.

अर्थमंत्रिपद सोडल्यावर, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मुंबईसंबंधीच्या धोरणाला विरोध म्हणून दिलेल्या राजीनाम्यानंतर, देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत तेथे राहिले. आज आपण ज्या आयोगाच्या चौकटीत श्रेयांक मोजतो, तो आयोग कायद्याने उभा राहिला त्या पहिल्या वर्षांत त्याची सूत्रे या माणसाच्या हाती होती. जमाबंदी, बँक, सांख्यिकी, संगणक आणि विद्यापीठ या पाच गोष्टी एका चरित्रात एकत्र येतात, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण आपल्या अभ्यासक्रमाचा सांगाडाही त्यातच सापडतो.

३. सातबारा : एक पाठ

माहिती-प्रणाली म्हणजे काय हे समजावताना पाठ्यपुस्तके बहुधा विमानाच्या आरक्षणाचे उदाहरण देतात. पेणच्या विद्यार्थ्याच्या घरात त्याहून जुनी, त्याहून गुंतागुंतीची आणि त्याच्या आयुष्याशी अधिक निगडित अशी प्रणाली ट्रंकेत ठेवलेली असते : सातबाऱ्याचा उतारा. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरचे हक्क. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सात-बारा. नमुना सहा म्हणजे फेरफारांची वही, आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या सर्व जमिनींचा उतारा. गावपातळीवर असे एकूण एकवीस नमुने.

आता हे कागद संगणकशास्त्राच्या नजरेने पाहावेत. भूमापन क्रमांक आणि हिस्सा क्रमांक मिळून गावातली एक जमीन नेमकी ओळखता येते. दुसरी कोणतीही जमीन त्या जोडीला उत्तर देत नाही. खाते क्रमांक धरून आपण सातबाऱ्यावरून आठ-अकडे जातो. फेरफार क्रमांक धरून सहा नंबरच्या वहीकडे जातो आणि हे नाव येथे कसे लागले — वारसाने, खरेदीने की वाटपाने — हे शोधतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीच्या तक्त्यांना परस्परांशी क्रमांकांनी जोडण्याचे जे गणिती प्रारूप मांडले आणि ज्यावर पुढे जगभरचे डेटाबेस उभे राहिले, ते समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही. महसुली दप्तराने ते व्यवहारात आधीच साधले होते. फक्त त्याला सिद्धान्ताचे नाव नव्हते.

साहित्याच्या अध्यापकाला येथे आणखी एक ओळखीची वाट दिसते. सातबारा हा एक पाठ आहे. तो पुनःपुन्हा नकलून काढला गेला, आणि नकलताना हस्तलिखितांत जे होते ते येथेही झाले : अक्षर चुकले, ओळ गळली, दोन नावांचे एक झाले, ‘इतर हक्का’त लिहिलेले कूळ पुढच्या प्रतीत उतरलेच नाही. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले गेले तेव्हा या प्रमादांत नव्यांची भर पडली. म्हणून २०१७ मध्ये राज्यात चावडी-वाचनाची मोहीम निघाली : संगणकीकृत उतारे गावात मोठ्याने वाचून दाखवायचे, ज्याचे त्याने ऐकायचे, हरकत असेल तर सांगायची. लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५५ आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, तो या सर्व खटाटोपानंतर.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ही गोष्ट आपण पाठचिकित्सेच्या तासाला सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी हस्तलिखितांची कुळे लावली, हेही सांगतो. मूळ कोणते, प्रत कोणती, ही प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, हा फरक सकारण आहे की लेखकप्रमाद — हे प्रश्न आपल्या विद्याशाखेने शतकभर धारदार केले आहेत. आज माहितीचा स्रोत, आवृत्ती, बदलांचा माग या नावांनी संगणकाच्या क्षेत्रात जे शिकवले जाते, ते याहून तत्त्वतः निराळे नाही. फरक परिणामांत आहे. ज्ञानेश्वरीतल्या पाठभेदाने एखादा निबंध बदलतो. सातबाऱ्यातल्या पाठभेदाने घर बदलते. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार-अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चुकीची नोंदही खरी असल्याप्रमाणे वागते, आणि तिला खोटे ठरवण्याचा भार ज्याचे नाव गळले त्याच्यावर पडतो. महामुंबई सेझच्या भूसंपादनावरून पेण तालुक्यातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जनमत घेतले गेले, तेव्हा कागदावरचे नाव म्हणजे काय हे या तालुक्याने जवळून अनुभवले आहे.

४. दर्या आणि दऱ्या

नोंद कोणत्या लिपीत होते, हा दुसरा प्रश्न. विनोबांना लिपीची मोठी आस्था होती. भारतीय भाषांनी आपापल्या लिपीबरोबर नागरीही वापरावी, असा त्यांचा आग्रह होता आणि छपाई-टंकलेखन सुकर व्हावे म्हणून नागरीचे सोपे केलेले ‘लोकनागरी’ हे रूपही त्यांनी पुरस्कारले. लिपी बदलून यंत्राला सामावून घ्यायचे, ही त्या पिढीची दिशा. सावरकरांची अ-ची बाराखडीही त्याच वाटेवरची. संगणकाने ही दिशा उलटी केली : लिपी आहे तशी ठेवून यंत्राला ती शिकवता येते, हे दिसून आले. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले हे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली, आणि तिच्या १९८८ च्या रूपावरून युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली. विंडोजमध्ये आपण ज्याला ‘मंगल’ म्हणतो, तो टंक मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी रेखाटला. जोशी हे सुलेखनकार आणि अक्षरांच्या दृश्यरूपाचा कवितेत प्रयोग करणारे मराठी कवी होते. अक्षराकडे कवी म्हणून पाहणाऱ्या माणसाचे काम लाखो सरकारी पत्रांत वापरले गेले, ही गोष्ट मराठीच्या वर्गात तरी सांगितली जावी.

या घटकात विद्यार्थ्याला एकच गोष्ट पक्की कळली तरी पुरे : संगणकाला अक्षर दिसत नाही, क्रमांक दिसतो. युनिकोडमध्ये ‘क’ म्हणजे २३२५. ‘र’ म्हणजे २३५२. मराठीतल्या अर्ध्या, आडव्या ‘र’साठी २३५३ या क्रमांकाचा ‘ऱ’ वापरावा लागतो. तो नसता तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत भेद उरला नसता. पश्चिमेला खाडी आणि पूर्वेला सह्याद्रीची उतरण असलेल्या पेणच्या विद्यार्थ्याला हे दोन शब्द वेगळे का हवेत, हे समजावण्याची गरज पडत नाही. इंग्रजी ‘ॲ’चा मराठी पद्धतीचा स्वर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आला. ‘ल’ २३५४, त्याला लागून ‘ळ’ २३५५, आणि ‘ह’ २३६१. आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. म्हणजे केवळ क्रमांकांवर विसंबून शब्दांची यादी लावली, तर ती मराठी कोशाच्या क्रमाने लागेलच असे नाही. वर्णक्रम ठरवण्याचे काम कोणीतरी करावे लागते, आणि ते काम भाषेच्या माणसाचे आहे.

याच घटकाची काळी बाजूही आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर ज्या टंकांत बसवला जाई, त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी चिकटवलेली असत. टंक गेला की मजकूर रोमन अक्षरांचा निरर्थक घोळ होऊन बसतो. त्या काळातले किती प्रबंध, नियतकालिकांचे किती अंक आणि हस्तलिखितांच्या किती सूची आज अशा अवस्थेत जुन्या तबकड्यांवर पडून असतील याची कल्पना करावी. मोडी वाचणारे कमी झाले म्हणून आपण हळहळतो; अवघ्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे संगणकीय मराठीही न वाचता येण्याच्या वाटेवर आहे.

५. सूची

तिसरा प्रश्न : नोंद सापडते कशी? ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या पाठीवरचा ८९१.४६ हा आकडा विद्यार्थी रोज पाहतात. ड्यूई पद्धतीत ८०० म्हणजे साहित्य, त्यात ८९१.४ च्या पोटात आधुनिक भारतीय भाषा, ८९१.४३ हिंदी, ८९१.४४ बंगाली, ८९१.४६ मराठी. इंग्रजीला संपूर्ण ८२० चा मजला आणि मराठीला दशांशचिन्हानंतरचा एक कोनाडा. वर्गीकरण निष्पक्ष नसते, ते कोणाच्या तरी जागेवरून केलेले असते, हे सांगायला एवढे उदाहरण पुरेसे आहे. रंगनाथनांनी १९३३ मध्ये स्वतःची द्विबिंदू वर्गीकरणपद्धती मांडली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

आपल्याकडे ही जाण नव्हती असे नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाची रचना पाहावी. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहावी : १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची वर्गीकृत नोंद, जिच्याशिवाय एकोणिसाव्या शतकावरचे संशोधन पाऊलभरही पुढे जात नाही. दात्यांच्या सूचीतली एक नोंद घेऊन तिचे रकाने पाडायचे — ग्रंथनाम, कर्ता, प्रकाशक, स्थळ, वर्ष, पृष्ठे, किंमत, विषय — आणि मग विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयातील पन्नास पुस्तकांची तशीच सूची एक्सेलमध्ये करायची. टोपणनावाने लिहिणाऱ्याला कोणत्या नावाखाली ठेवायचे? अनुवादाचा कर्ता कोण? शके आणि इसवी सन एकाच रकान्यात कसे लिहायचे? हे निर्णय घेताना एक्सेल आपोआप येते, आणि एक्सेल ज्यांची उत्तरे देऊ शकत नाही असे प्रश्नही कळतात.

६. आकडा बरोबर, तरीही

महाराष्ट्रात संगणक-साक्षरता खऱ्या अर्थाने पसरली ती एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमामुळे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली. त्यानंतर तालुक्या-तालुक्यात, बाजारपेठेतल्या पहिल्या मजल्यांवर केंद्रे उघडली. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक झाले. खेड्यातल्या मुलामुलींचा संगणकाला हात लागला तो येथेच. उच्चभ्रू तुच्छतेने त्याकडे पाहणे अन्याय्य ठरेल. परंतु त्या अभ्यासक्रमाने यंत्र चालवायला शिकवले, आणि ते काम आज मोबाइलने बऱ्याच अंशी आपल्या हाती घेतले आहे. महाविद्यालयाने तेच पुन्हा शिकवणे म्हणजे तीस तास वाया घालवणे होय. उरले आहे ते त्यापुढचे काम.

त्याची निकड पेणला पटवून द्यावी लागत नाही. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. तपासात बोगस कर्जखाती आणि शेकडो कोटींचा अपहार पुढे आला. सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. गणपतीच्या कारखान्यातले कारागीर, मीठ-भाताचे शेतकरी, निवृत्त शिक्षक, घरकाम करणाऱ्या बायका अशा माणसांची ही बचत होती. या प्रकरणाचा न्यायालयीन आणि आर्थिक तपशील देण्याचे हे स्थळ नव्हे. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने त्यातला एकच मुद्दा घ्यावा. ठेवीदाराच्या पासबुकावरचा आकडा बरोबर होता. बेरीज चुकलेली नव्हती, छपाई स्वच्छ होती. चूक होती ती त्या आकड्यामागे जे असायला हवे त्यात : कर्जदार म्हणून नोंदलेले खाते खरे आहे की नाही, हे पाहणाऱ्या व्यवस्थेत. नोंद नीटनेटकी असते म्हणून ती खरी असते असे नाही. आणि छापील नोंदीवर आपण हस्तलिखित नोंदीपेक्षा अधिक विश्वास ठेवतो, हा आपल्या काळाचा भोळेपणा आहे. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांचे बालपण जेथे गेले, त्याच्या शेजारच्याच गावी हे घडावे, यातला विषाद इतिहासाच्या वाचकाला जाणवेल.

७. तीस तास

या सर्वांवरून जो आराखडा निघतो तो असा. पहिले सहा तास नोंदीचे : सातबारा, फेरफार, चावडी-वाचन, विद्यार्थ्यांनी नावे झाकून घरचाच एक उतारा वाचायचा. पुढचे सहा तास लिपीचे : क्रमांक, इन्स्क्रिप्ट कळफलक, युनिकोड, जुन्या टंकातला मजकूर परत मिळवण्याचा एक प्रयोग. मग आठ तास सूचीचे : वर्गीकरण, तक्ता, वाचनालयाची यादी, तिच्यातून प्रश्न विचारून उत्तरे काढणे. नंतर पाच तास यंत्राचे : कोलकाता, टिफ्रॅक, त्यानंतरचा प्रवास, आणि यंत्राचे अवयव. अखेरचे पाच तास पडताळणीचे : बँकेचे पासबुक, ऑनलाइन अर्ज, समाजमाध्यमांवरचा संदेश, आणि हल्ली विचारताक्षणी सफाईदार उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तेच : हे कोणी लिहिले, कशावरून लिहिले, कधी बदलले, आणि चुकले असेल तर दाद कोठे मागायची?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विद्यार्थ्याला नोकरी हवी आहे. त्याला सातबाऱ्याचे तत्त्वज्ञान नको, टॅली हवे. पण पेण-रोह्यात आमच्या पदवीधरांना मिळणारी कामे डोळ्यांसमोर आणली — पतपेढीतला लिपिक, सेतू केंद्रातला चालक, धाटावच्या कारखान्यात भांडाराची नोंद ठेवणारा, ग्रामपंचायतीतला संगणक-परिचालक — तर त्या प्रत्येकाचे काम दुसऱ्या कोणाची तरी नोंद लिहिणे हेच आहे. टॅली तो पंधरा दिवसांत शिकेल. पण खिडकीपलीकडच्या आजीचे नाव आधार कार्डावर एक, सातबाऱ्यावर दुसरे आणि पासबुकावर तिसरे असताना काय करायचे, कोणते मूळ धरायचे, दुरुस्ती कोठे सुचवायची आणि तिला तिच्या भाषेत कसे समजावायचे, हे पंधरा दिवसांत येत नाही. ते शिकवण्याची तयारी पाठभेद लावणाऱ्या, शब्दाचा अर्थ संदर्भावरून ठरवणाऱ्या आपल्या विभागांकडे आहे. अभ्यासमंडळांच्या बैठकीत मराठीच्या अध्यापकांनी ती मागून घ्यावी.